बागेतल्या खोपीपासून शाळेपर्यंत
१ ऑगस्टला मासेमारीबंदी उठते आणि जयगडच्या खाडीतल्या होड्या समुद्राकडे निघतात. बोटमालकाचा जीव मात्र एकाच गोष्टीत अडकलेला असतो: खलाशी आले का? रत्नागिरीच्या बोटींवर आज नेपाळी, कर्नाटकी, उत्तर भारतीय खलाशी आहेत. ते वेळेवर पोचले नाहीत तर डिझेल, बर्फ, जाळी सगळं तयार असूनही बोट धक्क्यालाच राहते.

वर सड्यावर, हापूसच्या बागांत, हीच कथा. पाऊस सरला की नेपाळी कुटुंबं येतात. आपण सरसकट त्यांना ‘गुरखे’ म्हणतो. काम राखणीचं म्हणायचं, पण बेणणी, फवारणी, झेल्याने आंबा उतरवणं, पेट्या भरणं, सगळं त्यांच्याच हातून होतं.

गावचे हात गेले कुठे? २००१ साली रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती. २०११ साली १६,१५,०६९. दहा वर्षांत ऐंशी हजारांवर माणसं कमी झाली. हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया, कारण कर्ता पुरुष चाकरमानी होऊन मुंबईला. जयगडला बंदर आलं, वीज प्रकल्प आला, तरी बागेत राबायला माणूस मिळेना.

नेपाळी कामगार निर्वासित नव्हेत. १९५०च्या भारत-नेपाळ करारामुळे त्यांना इथे राहून काम करता येतं. पण घर सोडून आलेल्याला गावाने कसं सामावून घ्यायचं, हा प्रश्न निर्वासितांच्या वेळचाच आहे आणि महाराष्ट्राला तो नवा नाही. १९४३ ते ४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवडे इथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक बायका आणि मुलं. त्या छावणीत मुलांसाठी शाळा होत्या. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत आलेल्या सिंधी निर्वासितांनी तर उल्हासनगर हे अख्खं उद्योगी शहर उभं केलं. ते टिकले, कारण त्यांची कुटुंबं तिथे रुजली.

आपण मात्र नेपाळी माणसाचे हात बोलावतो, त्याचं कुटुंब नाही. बायको-मुलांसह आला तर बागेतली खोप हेच घर. मूल दिवसभर कलमांखाली, आणि खालच्या वाडीत पटसंख्या घटल्यामुळे जिल्हा परिषदेच्या शाळेला कुलूप लागायची भीती! ही दोन दुखणी एकमेकांचं औषध आहेत, हे गावाला दिसायला हवं. नेपाळचं शालेय वर्ष वैशाखात सुरू होतं, आपलं जूनमध्ये. त्यात मुलाचं वर्ष बुडतं. आज ना उद्या असं कुटुंब जिथे मुलं शिकतात तिथेच जाईल, आणि तेव्हा बागायतदाराला कोणी वाली राहणार नाही.

बागायतदारांनो, दिवाळीनंतर कुटुंब बागेत उतरलं की पहिल्याच आठवड्यात त्यांच्या मुलाला हाताला धरून शाळेत न्या. शिक्षण हक्क कायद्यानुसार वयाचा किंवा शाळा सोडल्याचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. मुलाला वयाप्रमाणे वर्ग मिळतो, आणि वर्ष मध्यावर आलं असलं तरी मिळतो.