विज्ञान कोणते आणि विज्ञानाचा आव कोणता?

एखादे शास्त्र खरोखर विज्ञान आहे की नुसता विज्ञानाचा आव, हे ओळखायचे कसे, असे मला अनेकजण विचारतात. पत्रिका जुळली नाही म्हणून ठरत आलेले लग्न मोडते किंवा ‘हमखास गुण’ देणाऱ्या औषधाच्या नादात योग्य उपचार लांबतात, तेव्हा या प्रश्नाचे मोल कळते.

तत्त्वज्ञ कार्ल पॉपर यांनी त्याचे एक उत्तर दिले. काय घडले तर आपण चूक ठरू, हे आधीच सांगतो तो सिद्धान्त वैज्ञानिक. सूर्याजवळून जाणारा ताऱ्याचा प्रकाश किती वाकेल, याचा आकडा आइन्स्टाइन यांनी आधीच देऊन ठेवला होता. १९१९च्या खग्रास सूर्यग्रहणात तो पडताळून पाहण्यात आला. मोजमाप वेगळे आले असते, तर सिद्धान्त अडचणीत आला असता.

पण एवढ्याने भागत नाही. युरेनस ग्रह गणिताप्रमाणे फिरेना, म्हणून कोणी न्यूटनचा नियम मोडीत काढला नाही. पलीकडे आणखी एक ग्रह असावा, असे मानले गेले आणि १८४६ साली नेपच्यून सापडला. बुधाची चाल चुकत होती, तिच्यासाठीही ‘व्हल्कन’ नावाचा ग्रह कल्पिला गेला. तो काही सापडला नाही. ते कोडे १९१५ साली आइन्स्टाइन यांच्या सिद्धान्ताने सोडवले आणि न्यूटनच्या नियमाची मर्यादा मान्य झाली. म्हणजे सबब वैज्ञानिकही सांगतात. पण ती सबबसुद्धा तपासून घेतात.

आता फलज्योतिषाकडे पाहू. २००८ साली पुण्यात डॉ. जयंत नारळीकर, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक चाचणी घेतली. शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका एकत्र केल्या. कोणती पत्रिका कोणत्या गटातली, एवढेच ज्योतिषांनी सांगायचे होते. प्रत्येकाला चाळीस पत्रिका दिल्या. २७ जणांनी उत्तरे पाठवली. नाणे उडवूनही सरासरी वीस उत्तरे बरोबर येतात. सर्वांत चांगला निकाल होता चोवीस. एका संस्थेने सगळ्या दोनशे पत्रिका पाहिल्या. तिची १०२ उत्तरे बरोबर आली.

म्हणजे फलज्योतिषाची परीक्षा घेता येते. मग त्याला विज्ञान का म्हणायचे नाही? कारण भाकीत चुकले की जन्मवेळ चुकीची होती, ज्योतिषी कच्चा होता, अशी कारणे पुढे येतात. ती कारणे मात्र कोणी तपासत नाही. नियम जसेच्या तसे राहतात.

म्हणून कोणताही दावा समोर आला, की दोन प्रश्न विचारावेत. काय घडले तर तुम्ही आपले म्हणणे सोडाल? आणि मागे तसे घडले, तेव्हा तुम्ही काय बदललेत? पहिल्याला उत्तर देणारे पुष्कळ भेटतील. पैसे मोजण्यापूर्वी किंवा स्थळ नाकारण्यापूर्वी दुसऱ्याचे उत्तर जरूर ऐकून घ्यावे.