बांधणी-चाचणी, स्वयंचलित

सूक्ष्मनियंत्रकासाठी लिहिलेल्या आज्ञावलीत बदल होताच तिचे यंत्रभाषेतील रूपांतर मानवी हस्तक्षेपाविना नव्याने करून पाहण्याची पद्धत. सूक्ष्मनियंत्रक म्हणजे प्रक्रियक, स्मृती आणि आदान-प्रदानाची मंडले एकाच चिपवर सामावलेला लहानसा संगणक होय. त्याची आज्ञावली सामान्यतः सी किंवा सी++ भाषेत लिहितात. कंपायलर तिचे यंत्रसंकेतांत रूपांतर करतो आणि लायब्ररी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तयार उपआज्ञावलींशी तिची जोडणी केली जाते. या सर्व क्रियांना मिळून बांधणी म्हणतात.

इंटेलचा ८०५१ हा सूक्ष्मनियंत्रक १९८० मध्ये बाजारात आला व भारतातील अभियांत्रिकी महाविद्यालयांत तो दीर्घकाळ शिकविला गेला. त्या पिढीतील अनेक चिपांची स्मृती जंबुपार किरणांखाली धरून पुसावी लागे. त्यास बराच वेळ लागत असल्याने आज्ञावली आधी कागदावर तपासून पाहण्याची शिस्त आपोआपच लागे. विद्युत् रीतीने क्षणात पुसता येणारी फ्लॅश स्मृती आणि इटलीतील इव्ह्रेआ येथे २००५ मध्ये सुरू झालेला आर्दुइनो प्रकल्प यांमुळे ही अडचण दूर झाली व हौशी मंडळींचा या क्षेत्रात मोठ्या प्रमाणावर प्रवेश झाला. बदल करणे सोपे झाले, तसे नकळत चुकणेही सोपे झाले.

नवी मुंबईतील गृहनिर्माण संस्थांत पाणी प्रथम जमिनीखालील टाकीत येते व तेथून पंपाने गच्चीवरील टाकीत चढविले जाते. साहजिकच पंपाचा स्वयंचलित नियंत्रक हा विद्यार्थ्यांच्या व हौशी मंडळींच्या आवडीचा प्रकल्प आहे. समजा, पंप चालू करून एक मिनिट थांबावे व मग तो बंद करावा, अशी योजना आहे. त्यासाठी ६० गुणिले १,००० इतके मिलिसेकंद, असे आज्ञावलीत लिहिले जाते. आर्दुइनो ऊनो या फलकावरील ८-बिट प्रक्रियकाच्या कंपायलरमध्ये साधा पूर्णांक १६ बिटांचा असतो व त्याची कमाल मर्यादा ३२,७६७ आहे. त्यामुळे गुणाकाराचे उत्तर ६०,००० न येता उणे ५,५३६ येते. प्रतीक्षाकाल ऋण असू शकत नसल्याने ही संख्या पुढे ३२ बिटांची धन संख्या म्हणून वाचली जाते व ४,२९,४९,६१,७६० मिलिसेकंद, म्हणजे सुमारे ४९·७ दिवस, इतका काल ठरतो. खालची टाकी रिकामी झाली, तरी पंप कोरडा फिरत राहतो आणि मोटर जळू शकते. हीच आज्ञावली ३२-बिट पूर्णांक असलेल्या ईएसपी३२ या फलकावर मात्र बिनचूक चालते. अशा चुका केवळ हौशी मंडळींकडूनच होतात असे नाही. ४ जून १९९६ रोजी एरियान-५ अग्निबाण नष्ट झाला, त्याचे मूळही एक मोठी संख्या १६ बिटांत बसविण्याच्या प्रयत्नात होते.

वरील चूक कंपायलरला दिसते. तथापि आर्दुइनोच्या संपादकात अशा सूचना मूळ मांडणीत दडपलेल्या असतात व बांधणी ‘यशस्वी’ म्हणून जाहीर होते. म्हणून स्वयंचलित चाचणीत सर्व सूचना चालू ठेवतात आणि निदान स्वतः लिहिलेल्या भागापुरती प्रत्येक सूचना ही चूकच मानतात. हा नियम पाळला नाही, तर चाचणीचा निम्मा उपयोग वाया जातो.

प्रत्यक्ष पद्धत अशी : आज्ञावलीचा नवा पाठ गिट या पाठव्यवस्थेत नोंदविला, की दूरस्थ संगणकावर एक कोरा परिवेश उभा केला जातो. त्यात आर्दुइनो-सीएलआय किंवा प्लॅटफॉर्म-आयओ ही साधने व नमूद केलेल्या लायब्ररीच तेवढ्या बसवून एकेका फलकासाठी बांधणी करतात. परिवेश कोरा असल्याने, लेखकाच्या संगणकावर पूर्वीच असलेली पण नोंदवावयाची राहिलेली लायब्ररी लगेच उघडी पडते. फलक निरनिराळे घेण्याचे कारण त्यांची स्मृती होय. ऊनोवर फ्लॅश स्मृती ३२ किलोबाइट व कार्यस्मृती अवघी २ किलोबाइट असते. पवईच्या भारतीय प्रौद्योगिकी संस्थेतील ई-यंत्र प्रकल्पाच्या फायरबर्ड-५ यंत्रमानवातील एटीमेगा २५६० मध्ये या स्मृती अनुक्रमे २५६ व ८ किलोबाइट आहेत. मोठ्या चिपवर सहज मावणारी आज्ञावली लहान चिपवर मावेलच असे नाही. खारघर येथे ज्याचे एक केंद्र आहे, त्या प्रगत संगणन विकास केंद्राच्या तिरुअनंतपुरम शाखेने तेजस ३२ हा रिस्क-फाइव्ह सूक्ष्मनियंत्रक विकसित केला आहे. त्यावरील एरीज फलकही आर्दुइनोच्या परिवेशातून वापरता येतात.

आज्ञावलीत काहीही बदल नसताना बांधणी मोडल्याचीही उदाहरणे आहेत. २०२४ मध्ये ईएसपी३२च्या आर्दुइनो संचाची तिसरी आवृत्ती आली, तेव्हा दिव्याची तीव्रता बदलण्यासाठी वापरली जाणारी काही जुनी फलने काढून टाकण्यात आली व चालू असलेले अनेक प्रकल्प बांधेनासे झाले. यावर उपाय म्हणून संचाचा आवृत्ती-क्रमांक आज्ञावलीसोबत नोंदवितात. शिवाय बदल नसला, तरी नव्या आवृत्तीवर ठराविक दिवशी बांधणी करून पाहतात.

बांधणी झाली म्हणजे यंत्र चालेल असे मात्र नाही. तार चुकीच्या टोकाला जोडलेली आहे किंवा रिले उलट्या संकेताने चालतो, हे कंपायलरला कळत नाही. म्हणून गणिती भाग वेगळा काढून तो साध्या संगणकावरही तपासतात. येथे एक धोका आहे. साध्या संगणकावर पूर्णांक ३२ बिटांचा असल्याने वरील गुणाकार तेथे बरोबरच येतो व चूक लपून राहते. मूळ चिपचे अनुकरण करणारी सिमएव्हीआरसारखी आज्ञावली वापरल्यास ती सापडते. काही जण खरा फलकच चाचणी-संगणकाला जोडून ठेवतात. पंपाच्या जागी दिवा लावून तो साठाव्या सेकंदाला विझतो की नाही, हे दुसऱ्या फलकाकडून मोजून घेतले जाते.