वीज गेली, गाणं वाचलं का?

संत जनाबाईंच्या गंगाखेडचा अभंग असो की परभणीतल्या एखाद्या बँडची नवी चाल, घरच्या संगणकावर ध्वनिमुद्रण चालू असताना वीज गेली तर मेहनत पणाला लागते. पुन्हा सुरू होताना सॉफ्टवेअर जो प्रश्न विचारतं, तो म्हणूनच नीट वाचायला हवा.

ऑडॅसिटी : अर्धवट प्रकल्पांची यादी दिसते. ‘रिकव्हर’ निवडल्यास काम परत मिळतं, ‘डिस्कार्ड’ने ते कायमचं जातं. ठरत नसेल तर ‘स्किप’ निवडावं.

लॉजिक प्रो : शेवटची स्वतः जतन केलेली प्रत उघडायची की आपोआप जतन झालेली, असा पर्याय मिळतो. अचानक बंद पडल्यानंतर बहुधा दुसरीत ताजं काम असतं.

एबलटन लाइव्ह : आधी काम परत मिळवण्याचा प्रस्ताव येतो. शिवाय प्रकल्पाच्या ‘बॅकअप’ फोल्डरमध्ये जतन केलेल्या जुन्या दहा प्रती असतात.

प्रो टूल्स : ‘सेशन फाइल बॅकअप्स’ फोल्डर पाहावा.

एक गोष्ट मात्र अनेकांच्या लक्षात येत नाही. अशा बहुतेक प्रतींत फक्त मांडणी असते. गायलेला आवाज वेगळ्या फाइलींत राहतो. 48 किलोहर्ट्झ, 24 बिटवर एका मोनो ट्रॅकचं एक मिनिट सुमारे 8.6 मेगाबाइट जागा घेतं. त्यामुळे प्रकल्पाचा संपूर्ण फोल्डरच दुसऱ्या डिस्कवर उतरवावा.

आणि भारनियमनाच्या भागात संगणकाला यूपीएस जोडावाच.