शेअरच्या पट्टीने दमवलेला सर्व्हर

आठ कोअरचा मोबाइलही अडखळतो, आणि आपण तो रीस्टार्ट करून मोकळे होतो. पण ज्या सर्व्हरवर एकाच वेळी सुमारे 170 माणसे काम करत असतात, तो असा बंद करता येत नाही.

सन मायक्रोसिस्टिम्सच्या ब्रायन कँट्रिल, माइक शापिरो आणि ॲडम लेव्हेंथाल यांनी 2004 मधल्या शोधनिबंधात अशाच एका सर्व्हरची हकिगत दिली आहे. 10 प्रोसेसर, 32 जीबी मेमरी, तरी मशीन रखडलेले. आकडेवारीत ‘क्रॉस कॉल’ भलतेच दिसत होते. हे काय असते? लग्नघरात दहा आचारी आहेत असे समजा. कोणता डबा कुठे, हे प्रत्येकाला पाठ. एकाने मिठाचा डबा हलवला की बाकीच्यांना हाक मारायची आणि सगळ्यांचे ‘हो’ येईपर्यंत थांबायचे. प्रोसेसरही मेमरीचे पत्ते असेच आपल्याजवळ टिपून ठेवतात. पत्ता रद्द झाला की सगळ्यांना कळवावे लागते.

हाका किती, हे आकड्यांत होते. मारतो कोण, हे नव्हते. ते सांगितले या तिघांच्याच डीट्रेसने. हाका येत होत्या पडद्यावर चित्र काढणाऱ्या एक्स सर्व्हरकडून. तो सारखी मेमरी घेत होता आणि परत करत होता. कोणासाठी? शेअरचे भाव सरकत्या पट्टीत दाखवणाऱ्या एका चिमुकल्या प्रोग्रामसाठी! तो लावलेली माणसे दहासुद्धा नव्हती. ते प्रोग्राम थांबवताच क्रॉस कॉल झपाट्याने उतरले.

गंमत म्हणजे ही सगळी चौकशी चालत्या मशीनवर झाली. डीट्रेसमध्ये प्रत्येक प्रोसेसरची नोंदवही वेगळी, त्यामुळे लिहायला रांग लागत नाही. वही भरली तर नोंद गळते (किती गळल्या तेही सांगितले जाते), पण मशीन खोळंबत नाही. त्याच्या ‘डी’ भाषेत लूपच नाही, म्हणजे पहारेकरीच गोल गोल फिरत बसण्याची भीती नाही. मला ही काटकसर फार आवडते.

2005 मध्ये सोलारिस 10 बरोबर डीट्रेस सर्वांच्या हाती आले. लिनक्सवर आज ईबीपीएफच्या आधारे चालणारे बीपीएफट्रेस आहे. त्याची भाषा बरीचशी ‘डी’च्या वळणाची. इंजिनिअरिंगला असाल आणि लॅपटॉपवर लिनक्स असेल, तर ते टाकून पाहा. रूटचे अधिकार लागतील. कोणता प्रोग्राम किती फाइली उघडतो, हे एका ओळीत विचारता येते.