‘प्रोसीड’ दाबण्याआधी थांबा

क्रोम लाल त्रिकोण दाखवून अडतो तेव्हा खालचा कोड वाचा. सगळ्याच साइट्सवर ‘डेट इनव्हॅलिड’ येतंय? कोपऱ्यातली तारीख बघा. जुन्या पीसीत मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला की ती मागे जाते. सेल बदला, तारीख लावा, झालं.

‘अथॉरिटी इनव्हॅलिड’ सगळीकडे येत असेल तर माझा पहिला संशय अँटीव्हायरसवर. त्याचं एचटीटीपीएस स्कॅनिंग मधे बसून साइटच्या सर्टिफिकेटऐवजी स्वतःचं पुढे करतं. ब्राउझरला ते अनोळखी वाटलं की तो अडतो. तेवढंच स्कॅनिंग बंद करून बघा, अख्खा अँटीव्हायरस उडवू नका.

आणि एरर फक्त बँकेच्या साइटवर असेल तर? पासवर्ड अजिबात टाकायचा नाही. फोनवर, मोबाइल डेटाने तीच साइट उघडा. तिथे नीट उघडली तर गडबड तुमच्या पीसीत किंवा वायफायमध्ये आहे.