गिअरचा दांडा आणि कांचेचा पडदा

मोटार चालविणें म्हणजे एका हातानें सुकाणूचक्र धरणें व दुसऱ्या हातानें गिअर बदलणें, अशी जी कल्पना मागील दोन-तीन पिढ्यांच्या मनांत बसली होती, ती आतां मोडीत निघूं लागली आहे. जुलै २०२५ मध्यें टेस्ला कंपनीनें मुंबईस वांद्रे-कुर्ला संकुलांत आपलें दालन उघडलें. तेथें विक्रीस ठेवलेल्या ‘मॉडेल वाय’ गाडींत गिअरचा दांडा शोधूं गेल्यास सांपडत नाहीं. ब्रेकवर पाय ठेवावा, समोरील कांचेच्या पडद्यावर बोट वर सरकवावें, कीं गाडी पुढें जाण्यास सिद्ध होते. बोट खालीं ओढावें, कीं मागें जाण्यास. हा बदल इष्ट कीं अनिष्ट, हें ठरविण्यापूर्वीं तो दांडा मुळांत कशासाठीं होता, हें पाहणें अवश्य आहे.

पेट्रोलचें इंजिन हें मोठें लहरी यंत्र आहे. त्याचा जोर तें बऱ्याच वेगानें फिरत असतांनाच प्रगट होतो. वेग फार कमी झाला कीं तें आचके देऊन बंद पडतें. उलट उभ्या गाडीचीं चाकें प्रारंभीं मंद गतीनें, पण मोठ्या बळानें फिरवावीं लागतात. ही अडचण दंतचक्रांनीं दूर होते. लहान चक्रानें मोठ्या चक्रास फिरविलें म्हणजे वेग घटतो व बळ वाढतें. ज्या विद्यार्थ्यांनीं गिअरच्या सायकलीवरून चढ चढला असेल, त्यांच्या पायांना हें आमच्या सांगण्यापूर्वींच कळलेलें असेल.

जुन्या मोटारींत दांड्याच्या खालच्या टोकाकडून एक लोखंडी कांटा हलविला जाई, व तो एक चक्र सरकवून दुसऱ्यांत गुंतवीत असे. दोन्हीं चक्रांचा वेग जुळला नाहीं तर दांतावर दांत घासून असा कर्कश आवाज होई, कीं रस्त्यावरचे लोक वळून पाहत. सन १९२८ मध्यें कॅडिलॅकच्या गाड्यांत चक्रांचा वेग आधीं जुळवून मग त्यांस गुंतविणारी युक्ति आली, व हा त्रास बराच कमी झाला. तथापि क्लच दाबून दांडा ओढण्याचें काम मनुष्याकडेच राहिलें. घाट उतरतांना खालचा गिअर घालून इंजिनकरवीं गाडीस आवर घालणें हें तर ड्रायव्हरच्या कसबाचें मुख्य अंग होतें, आणि अशा गाड्यांत तें आजहि आहे.

पुढें हें कामहि यंत्रानें उचललें. अमेरिकेंत सन १९३९ मध्यें जाहीर झालेल्या ‘हायड्रामॅटिक’ यंत्रणेनें तेलाच्या दाबावर गिअर आपोआप बदलून दाखविले. आपल्याकडे सन २०१४ मध्यें मारुतीच्या ‘सेलेरिओ’ गाडींत स्वस्त तोड निघाली: पेटी जुनीच, फक्त क्लच व कांटे हलविण्यास हाता-पायांऐवजीं लहानसें यंत्र बसविलेलें. शहरांतील गर्दींत ज्याचा डावा पाय दर चार हातांवर क्लच दाबून थकला आहे, तो या शोधास नांवें ठेवणार नाहीं. आम्हीहि ठेवीत नाहीं.

विजेच्या गाडीनें तर प्रश्नच उलटविला. विजेची मोटर उभ्या स्थितींतूनच पूर्ण जोर देते, म्हणून बहुतेक अशा गाड्यांत बदलावयाचे गिअरच नसतात. एकाच प्रमाणाचीं चक्रें कायमचीं जोडलेलीं असतात. मागें जावयाचें तर मोटरच उलट फिरते. अर्थात् तेथें दांड्यानें ओढावयाचें कांहीं उरलेंच नाहीं. दांडा ठेवला तरी तो लोखंडास हलवीत नाहीं. तो संगणकास केवळ विनंती करितो. मग ती विनंती दांड्यानें काय, कळीनें काय, अथवा कांचेवर बोट फिरवून काय, सारखीच, असें कारखानदार म्हणतात. दोन आसनांमधली जागा मोकळी होते व सुटे भाग वांचतात, हेंहि खरें.

पण या हिशेबांत एक गोष्ट सुटते. दांडा दोन कामें करीत असे. आज्ञा देणें हें पहिलें. गाडी कोणत्या स्थितींत आहे हें हातास सांगणें, हें दुसरें. ठेवलेल्या खांचेंत तो राही, व अंधारांतहि तळहातास त्याची जागा कळे. पहिलें काम संपलें म्हणून दुसरेंहि संपलें, असें होत नाहीं.

याचें मोल अमेरिकेनें दिलें आहे. तेथील कांहीं जुन्या आपोआप गिअरच्या गाड्यांत ‘मागें’ ही खूण पुढें नेणाऱ्या खालच्या गिअरला लागूनच असे. हात एक घर अधिक सरकला कीं गाडी भलत्याच दिशेनें निघे. अखेर तेथील सुरक्षानियमानें सन १९६८ पासून ‘पुढें’ व ‘मागें’ यांच्यामध्यें ‘मोकळा’ गिअर असलाच पाहिजे, असें ठरविलें. अलीकडची गोष्ट याहून हृदयद्रावक आहे. जीप ग्रँड चेरोकी वगैरे कांहीं गाड्यांत असा दांडा बसविला होता, कीं तो ढकलून सोडला म्हणजे पुन्हां मध्यावर येई. गाडी ‘पार्क’मध्यें गेली असें समजून लोक उतरत, आणि ती घरंगळूं लागे. एप्रिल २०१६ मध्यें कंपनीनें सुमारें ११ लक्ष गाड्या दुरुस्तीसाठीं परत बोलाविल्या. तरी १९ जून रोजीं, अशाच एका गाडीनें लॉस एंजेलिस येथें उतारावरून मागें येऊन अँटन येल्चिन या सत्तावीस वर्षांच्या नटास त्याच्याच घराच्या फाटकाशीं चिरडलें. उपाय काय केला, तर दार उघडतांच गाडी आपण होऊन ‘पार्क’मध्यें जावी अशी योजना संगणकांत घातली. म्हणजे दांड्यानें केलेला घोटाळा यंत्राच्या स्वयंचलनानें निस्तरला! स्वयंचलन हा शत्रु नव्हे, हें यावरून दिसतें. हातास खूण न देणारें साधन हाच खरा दोष.

कांचेचा पडदा या बाबतींत सर्वांत मुका आहे. त्यावर खांच नाहीं, उंचवटा नाहीं. तो पाहण्यासाठीं डोळा रस्त्यावरून काढावाच लागतो. स्वीडनमधील एका मोटार मासिकानें सन २०२२ मध्यें ताशीं ११० किलोमीटर वेगानें परीक्षा घेतली. कामें गिअरचीं नव्हतीं, रेडिओ, हवा वगैरेंचीं होतीं. सन २००५ च्या, कळा असलेल्या व्होल्व्हो गाडींत तीं १० सेकंदांत उरकलीं. सर्वांत मागें पडलेल्या पडद्याच्या गाडीस जवळजवळ ४५ सेकंद लागले, व तेवढ्यांत ती १,३७२ मीटर पुढें गेली. समुद्रावरहि हाच अनुभव आला. ऑगस्ट २०१७ मध्यें सिंगापूरजवळ अमेरिकेची ‘जॉन एस. मॅककेन’ ही युद्धनौका एका तेलवाहू जहाजावर आदळून १० खलाशी मेले. चौकशींत, वेगाचें नियंत्रण करणाऱ्या स्पर्शपडद्यांचा घोळ हेंहि एक कारण ठरलें. पुढें सन २०१९ मध्यें तेथील आरमारानें हातानें ढकलावयाचे दांडे पुन्हां बसविण्याचा निर्णय जाहीर केला.

गिअर निवडणें हें बहुधा उभ्या गाडींत होतें, तेव्हां दृष्टि क्षणभर पडद्याकडे गेली तर काय बिघडलें, असा आक्षेप येईल. सरळ रस्त्यावर निघतांना तो मान्य आहे. परंतु अरुंद गल्लींत गाडी वळवितांना चार-सहा वेळां मागें-पुढें करावें लागतें, आणि मुलें नेमकीं अशाच वेळीं मागून धांवत जातात. त्या क्षणीं मान आरशाकडे अथवा मागें वळलेली असावी, पडद्याकडे नव्हे. शाळा सुटण्याच्या वेळीं फाटकाबाहेर ज्यांनीं गाड्यांची दाटी पाहिली आहे, त्यांना हें विस्तारानें सांगावयास नको.

ज्या पालकांनीं अशी गाडी घेतली असेल, त्यांनीं उतरण्यापूर्वीं ‘पी’ हें अक्षर उजळलेलें आहे, हें डोळ्यांनीं पाहावें. सवयीवर विसंबूं नये. वर सांगितलेल्या मॉडेल वायमध्यें पडदा बंद पडल्यास उपयोगी पडाव्या म्हणून छताशीं, आरशाच्या वर, दिशा निवडण्याच्या कळा दिलेल्या आहेत. त्या गाडी घरीं आणल्याच्या दिवशींच शोधून ठेवाव्या. पडदा काळा पडल्यावर माहितीपुस्तक उघडूं म्हटलें, तर तेंहि त्या पडद्यांतच असतें.