हाली सिक्का : चलनातून संग्रहाकडे
१७ सप्टेंबर १९४८ पर्यंत परभणी जिल्हा निजामी राजवटीखाली होता. हैदराबाद संस्थानचे चलन स्वतंत्र होते. सात हाली रुपयांस सहा ब्रिटिश भारतीय रुपये असा दर असे. १९१८ पासून नोटाही निघाल्या. कारभार उर्दूत चालत असताना या नोटांवर मूल्य मराठीतही छापले जाई, ही बाब अभ्यासकांनी दुर्लक्षू नये. १९५९ मध्ये हे चलन संपुष्टात आले आणि चारमिनारची मुद्रा असलेला रुपया सराफाकडे चांदीच्या वजनाने मोडला जाऊ लागला. संग्राहकांचा ओढा वाढल्याने आता त्याचे मोल हिजरी वर्ष, दुर्मिळता व अवस्था यांवर ठरते. दुर्दैवाने विक्रीपूर्वी राखेने घासून नाणे लख्ख केले जाते. त्यामुळे मूळ पृष्ठभाग नष्ट होतो आणि किंमतही घटते.